वीस लिटर कोरडी जागा

उत्तर मिनेसोटात, कॅनडाच्या हद्दीला लागून असलेल्या गावांमध्ये, नवी स्नोमोबिल घ्यायची तर दहा-पंधरा हजार डॉलर सहज जातात. त्या पैशांत हाताला ऊब देणारी हँडलं मिळतात, नकाशा दाखवणारा पडदा मिळतो, बर्फाच्या ढिगाऱ्यावरून उडी घेऊन आपटली तरी पाठीचा कणा शाबूत ठेवणारे शॉक अॅब्सॉर्बर मिळतात. सामान ठेवायला मात्र बहुतेक वेळा एखादा चिमुकला कप्पाच वाट्याला येतो. कंपन्यांच्या पिशव्या आणि पेट्या वेगळ्या विकत घ्याव्या लागतात. त्यांची किंमत शंभरापासून काहीशे डॉलरपर्यंत जाते. त्यामुळे एवढ्या महागड्या यंत्राच्या पाठीवर रबरी पट्ट्यांनी आवळलेली, एके काळी रंग किंवा लोणचं भरून आलेली पांढरी बादली दिसली तर तिथं कुणी वळूनही पाहत नाही.

हा लेख त्या बादलीविषयी आहे. तिच्या जागी लष्कराच्या जुन्या सामानातली गोळ्यांची पेटी असेल, प्लायवूडचं खोकं असेल, नळाच्या पाइपचा तुकडा असेल. काम एकच: उणे तीस अंशांत, ताशी साठ-सत्तर किलोमीटर वेगाने हादरे खात जाताना आतल्या वस्तू कोरड्या ठेवणं. ऐकायला सोपं वाटतं. पण घरी केलेल्या बऱ्याच पेट्या पहिल्याच हिवाळ्यात फसतात. चिकाटी कमी पडते किंवा पैसे कमी पडतात म्हणून हे होत नाही. पाणी कुठून येतं, याविषयीचा अंदाजच चुकलेला असतो.

मराठी पर्यटकाला हे वाहन माहीत असतं ते गुलमर्ग किंवा सोलांगला दहा मिनिटं फिरवून आणणारी ‘स्नो स्कूटर’ म्हणून. पुढे दोन स्की, मागे रणगाड्यासारखा फिरणारा एक रुंद रबरी पट्टा, मध्ये इंजिन. सियाचिनवर आपलं सैन्य ती वापरतं. १९८१च्या डिसेंबरात डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम गोव्याहून निघाली, आणि आजही वास्कोतल्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रातून तिकडच्या मोहिमा चालतात. तिथल्या बर्फावरही हे वाहन लागतंच. पण गुलमर्गच्या फेरीत सामान लागत नाही. चहाची टपरी नजरेच्या टप्प्यात असते. मिनेसोटा, अलास्का किंवा कॅनडाच्या उत्तरेतल्या नुनावुतमध्ये ही गाडी माणसाला वस्तीपासून शंभर किलोमीटर लांब नेऊन सोडते, आणि तिथे ती बंद पडली तर सीटच्या मागे काय आहे यावर पुढची रात्र अवलंबून असते.

सामानाची यादी

पाठीवर काय न्यायचं, याबद्दल जुन्याजाणत्या चालकांमध्ये फारसा मतभेद नसतो. जास्तीचा ड्राइव्ह बेल्ट, स्पार्क प्लग, पाने-पक्कड, ओढून नेण्यासाठी दोर, प्रथमोपचाराचं सामान, हातमोज्यांची आणि पायमोज्यांची दुसरी जोडी, आग पेटवायचं साहित्य, थोडं खाणं, गरम पाण्याचा थर्मास.

यातल्या निम्म्या वस्तू ओल्या झाल्या की असून नसल्यासारख्याच. बेल्टचं उदाहरण घ्या. स्नोमोबिलला गिअर नसतात. आपल्याकडच्या बिनगिअरच्या स्कूटरमध्ये असते तीच रचना इथे मोठ्या ताकदीने काम करते: दोन पुली आणि त्यांच्यामध्ये व्ही आकाराचा पट्टा. इंजिनची सगळी शक्ती त्या पट्ट्याच्या कडा आणि पुली यांच्यातल्या घर्षणातून मागे पोचते. पट्ट्यावर पाणी किंवा बर्फाचा थर असेल तर तो घसरतो, घसरला की तापतो, तापला की जळतो. म्हणजे तुटलेल्या बेल्टच्या जागी ओला बेल्ट चढवला, तर दुसराही गमावण्याची वेळ येते.

हातमोज्यांचं गणित याहून सरळ आहे. ऊब देते ती कापडात अडकलेली हवा. त्या हवेची जागा पाण्याने घेतली की उष्णता कितीतरी पट वेगाने निघून जाते, आणि उणे पंचवीसमध्ये बोटं बधिर व्हायला काही मिनिटं पुरतात. मग स्पार्क प्लग आहे, पाना आहे, पण धरायला बोटं नाहीत अशी अवस्था होते.

भंगारातून आलेलं यंत्र

इतक्या महागड्या गाडीवर बादली बांधणं कुणाला विजोड वाटेल. पण या गाडीची कुळकथा ऐकली की तसं वाटत नाही. मिनेसोटातल्या रोझो या गावात एडगर हेटीन यांचं शेतीची अवजारं बनवणारं छोटं वर्कशॉप होतं. १९५०च्या दशकाच्या मध्यात, मालक बाहेरगावी असताना, भागीदार डेव्हिड जॉन्सन आणि कामगारांनी बर्फावर चालणारी एक गाडी जुळवली. ट्रॅकसाठी धान्य वर चढवणाऱ्या यंत्राचा पट्टा, पुढच्या स्कीसाठी जुन्या शेव्हर्लेटचा बंपर, आणि ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं साधं इंजिन. परत आल्यावर हेटीन खूश झाले नाहीत; वेळ आणि माल फुकट गेला असं त्यांना वाटलं. पगाराला पैसे हवे होते म्हणून ती गाडी गावातल्याच एका लाकूड-व्यापाऱ्याला ४६५ डॉलरना विकली गेली. त्या वर्कशॉपची पुढे पोलारिस ही जगप्रसिद्ध कंपनी झाली. १९६०मध्ये हेटीन स्वतः अशा गाड्या घेऊन अलास्कात बेथेलपासून फेअरबँक्सपर्यंत हजार मैलांहून अधिक अंतर गेले. त्यानंतर लवकरच पोलारिस सोडून त्यांनी थीफ रिव्हर फॉल्समध्ये जो उद्योग सुरू केला, त्यातून आर्क्टिक कॅट ही प्रतिस्पर्धी कंपनी उभी राहिली.

सीमेपलीकडे क्वेबेकमधल्या वालकूर गावी जोझेफ-आर्मां बोंबार्डिए यांची गोष्ट अधिक जिव्हारी लागणारी आहे. १९३४च्या हिवाळ्यात त्यांचा दोन वर्षांचा मुलगा इवों गेला. अॅपेंडिक्स फुटलं होतं, रस्ते बर्फाखाली होते आणि दवाखान्यापर्यंत नेणारं वाहन नव्हतं. बोंबार्डिए आधीपासूनच बर्फावरच्या गाडीच्या खटपटीत होते. १९३७मध्ये त्यांना दातेरी चाक आणि रबरी पट्ट्याच्या रचनेचं पेटंट मिळालं आणि सात जण बसतील अशी बी-७ ही बंद गाडी बाजारात आली. १९४८मध्ये क्वेबेक सरकारने ग्रामीण रस्त्यांवरचा बर्फही यंत्राने काढायचं ठरवलं आणि मोठ्या गाड्यांची मागणी कोसळली. मग १९५९मध्ये एक-दोघांसाठीची हलकी स्की-डू आली आणि स्नोमोबिल घरोघरी पोचली.

या हलक्या गाडीची ताकद जगाला पटवून दिली ती मिनेसोटातल्याच एका विमा विक्रेत्याने. राल्फ प्लेस्टेड आणि त्यांचे तीन साथीदार एप्रिल १९६८मध्ये स्की-डूवरून उत्तर ध्रुवावर पोचले. अमेरिकी हवाई दलाच्या विमानाने त्यांची जागा तपासून दिली. बर्फावरून ध्रुवावर पोचल्याचा हा पहिला निर्विवाद दावा मानला जातो. त्या गाड्यांची इंजिनं आजच्या एखाद्या मोटारसायकलपुढे लाजतील इतकी लहान होती. सामान मात्र मागे बांधलेल्या घसरगाड्यांवर होतं, आणि ती पद्धत त्यांनी शोधलेली नव्हती. तिच्याकडे पुढे येऊच.

पाणी कुठे आहे?

पेटी बनवणाऱ्याच्या मनात पाऊस असतो. वरून पाणी पडेल, झाकणाच्या फटीतून आत जाईल, म्हणून फट बुजवायची. उणे वीस अंशांत पाऊस पडत नाही. तिथे तीन वेगळ्या वाटा आहेत.

पहिली वाट धुळीची. कोरडा भुसभुशीत बर्फ थंडीत पाण्यासारखा वागत नाही. मैद्यासारखा बारीक उडतो. मागचा ट्रॅक तो सतत उधळत असतो आणि वेगात गाडीच्या मागे हवेचा दाब कमी झाल्यामुळे ती पांढरी धूळ वळून सीटच्या मागेच येऊन बसते. पाण्याचा थेंब ज्या फटीशी पृष्ठताणामुळे अडतो, तिच्यातून हा भुगा आरामात शिरतो. चेनच्या दातांतून जातो, शिवणीतून जातो. आत गेल्यावर बराच काळ काही बिघडत नाही. संध्याकाळी गाडी शेडमध्ये आली, भुगा वितळला, की मग चालक म्हणतो पेटी गळते. म्हणून ताडपत्रीसारख्या कापडाची, चेन लावलेली पिशवी पावसात टिकली तरी इथे टिकेलच असं नाही. झाकणाची कड पेटीच्या काठावरून दोन-तीन सेंटीमीटर खाली उतरली पाहिजे, म्हणजे भुग्याला आत जायला आधी वर चढावं लागतं.

दुसरी वाट उष्णतेची आहे. सीटच्या मागचा अॅल्युमिनियमचा भाग, ज्याला टनेल म्हणतात, त्याच्याखाली ट्रॅक फिरतो. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनच्या गाड्यांमध्ये याच टनेलला खालून रेडिएटरच्या नळ्या असतात; ट्रॅकने उडवलेला बर्फ त्यांच्यावर आदळतो आणि इंजिन थंड राहतं. म्हणजे ज्या पृष्ठभागावर आपण पेटी ठेवतो, तो बाहेर उणे तीस असतानाही कोमट असू शकतो. तिथला बर्फ वितळतो, पेटीच्या बुडाखाली पाणी साचतं, जेवायला थांबलं की ते गोठतं आणि पेटी टनेलला चिकटते. पुन्हा निघालं की पुन्हा पाणी. बुडाला एखादं भोक असेल तर हेच पाणी आत येतं. उपाय फुकटचा आहे: पेटीखाली रबराचे किंवा प्लास्टिकचे दोन-तीन सेंटीमीटर उंचीचे पाय द्यायचे आणि खालून हवा खेळती ठेवायची.

तिसरी वाट सगळ्यांत फसवी, कारण ते पाणी आपण स्वतःच आत ठेवतो. दुपारी बदललेले ओले मोजे ‘तात्पुरते’ पेटीत टाकले जातात. वीस लिटर घरगुती हवेत बाष्प म्हणून पाव ग्रॅमसुद्धा पाणी नसतं. हातमोज्यांच्या एका भिजलेल्या जोडीत पन्नास-शंभर ग्रॅम असतं. पेटी बाहेरून जितकी घट्ट, तितकं ते आत मुक्कामाला राहतं, आणि सकाळी झाकणाच्या आतल्या बाजूला दहिवराचा थर दिसतो. त्यात गोम अशी की बाहेरून आलेल्या पाण्याइतकाच हा थरही काड्यापेटी निकामी करायला पुरेसा असतो.

त्रिकोणातला आकडा

थंडीत प्लास्टिक कसं वागतं, हे दुकानात हात लावून कळत नाही. घरगुती सामानाचे स्वस्त, पारदर्शक, झाकणाला कडीच्या क्लिपा असलेले डबे बहुधा पॉलिप्रॉपिलीनचे असतात. खोलीच्या तापमानाला ते चिवट, वाकणारे. शून्याच्या आसपास आणि त्याखाली या प्लास्टिकची लवचीकता झपाट्याने जाते आणि उणे वीसला एका धक्क्यात कोपरा उडतो. त्यातही आधी मोडतात त्या क्लिपा. पीव्हीसीची तीच तऱ्हा. गटाराच्या पांढऱ्या पाइपचा नळकांडा करून त्यात साधनं ठेवणारे बरेच जण आहेत, पण कडाक्याच्या थंडीत तो दगडावर आपटला तर ठिकऱ्या होतात. काळा एबीएसचा पाइप, जो कॅनडात सांडपाण्यासाठी सर्रास वापरतात, त्या बाबतीत बराच दणकट.

सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत थंडी सोसणारं प्लास्टिक म्हणजे एचडीपीई, घट्ट पॉलिएथिलीन. उणे साठलासुद्धा ते काचेसारखं होत नाही. ओळखायचं कसं? बुडाशी बाणांचा त्रिकोण असतो, त्यात २ हा आकडा असेल तर एचडीपीई. ५ असेल तर पॉलिप्रॉपिलीन. ३ म्हणजे पीव्हीसी. पाच गॅलनची, म्हणजे साधारण एकोणीस-वीस लिटरची, खाद्यपदार्थांची किंवा रंगाची बादली बहुतेक वेळा २ नंबरची असते. अमेरिकेत ती काही डॉलरना मिळते, आणि बेकरी किंवा हॉटेलवाल्याशी ओळख असेल तर फुकट. तिच्या काठावर ठोकून बसवायचं आणि आटे फिरवून बंद होणारं, आत रबरी कडं असलेलं झाकण वेगळं मिळतं. तिथे पैसे खर्च करावेत. कारण मूळचं दाबून बसणारं झाकण जाड मोज्यांनी उघडत नाही आणि मोजे काढले तर पेटीचा हेतूच संपतो. बंद करण्याची प्रत्येक कडी, प्रत्येक पट्टी जाड हातमोजे घालून उघडता आली पाहिजे, हा नियम दुकानातच तपासायचा.

आट्यांच्या झाकणाची एक खोड आहे. आट्यांत पाणी शिरून गोठलं तर झाकण फिरत नाही. सिलिकॉनचं थोडं ग्रीस कड्याला आणि आट्यांना चोळलं की पाणी तिथे थांबत नाही. घरी पेटीला रबराची पट्टी लावायची असेल तर ती ईपीडीएमची किंवा सिलिकॉनची घ्यावी. ही दोन्ही रबरं थंडीत मऊ राहतात. दाराच्या फटीला लावायचा साधा फोम पाणी पितो आणि गोठतो. चिकटपट्टी गॅरेज गरम असताना, पृष्ठभाग स्पिरिटने पुसून लावावी. गारठलेल्या प्लास्टिकवर लावलेली पट्टी पहिल्याच फेरीत सुटते.

घट्ट झाकणाचा सापळा

लष्करी दारूगोळ्याच्या पोलादी पेट्या या कामासाठी आदर्श मानल्या जातात. जुन्या सैनिकी सामानाच्या दुकानात स्वस्त मिळतात, झाकणाला रबरी गास्केट असतं, तरफेची कडी दाबली की हवासुद्धा जात नाही. हेच ‘हवासुद्धा जात नाही’ उत्तरेत अंगलट येतं.

गॅरेजमध्ये वीस अंशांत पेटी बंद केली आणि बाहेर उणे तीसमध्ये नेली, तर आतल्या हवेचा दाब साधारण सतरा टक्क्यांनी उतरतो. गरम भाजीचा स्टीलचा डबा घट्ट लावून ठेवला की दुसऱ्या दिवशी झाकण निघता निघत नाही, त्यातलाच हा प्रकार, फक्त मोठ्या मापाचा. पेटीचं झाकण अठ्ठावीस बाय चौदा सेंटीमीटरचं धरलं तर बाहेरची हवा त्यावर पासष्ट-सत्तर किलो वजनाइतका दाब टाकते. पोलाद वाकत नाही, त्यामुळे तो सगळा दाब झाकणावर येतो. प्लास्टिकची बादली आत चेपते आणि त्या चेपण्याने काठ गोल राहत नाही.

दाब खरा घातक ठरतो तो गास्केटमध्ये केसाएवढी फट असली तर. आत दाब कमी, बाहेर जास्त. झाकणाच्या खाचेत साचलेलं वितळलेलं पाणी मग त्या फटीतून आत खेचलं जातं. म्हणजे जवळजवळ हवाबंद पेटी ही अर्धवट बंद पेटीपेक्षा जास्त पाणी पिऊ शकते. कॅमेऱ्यांच्या महागड्या पेट्यांना दाब समतोल राखणारा छोटा व्हॉल्व्ह असतो तो याचसाठी.

घरच्या पेटीला तोच व्हॉल्व्ह काही पैशांत होतो. झाकणाच्या खाली उतरणाऱ्या कडेच्या आड, पेटीच्या मागच्या भिंतीत, दोन मिलिमीटरचं भोक पाडायचं. आतून त्याच्यावर गोर-टेक्ससारख्या कापडाचा रुपयाएवढा तुकडा चिकटवायचा. जॅकेट दुरुस्त करण्यासाठी अशा ठिगळांची पाकिटं मिळतात. हवा ये-जा करते, पाण्याचा थेंब अडतो. बुडाशी सर्वांत खालच्या कोपऱ्यात आणखी एक भोक आणि त्याला रबरी बूच. शेडमध्ये आल्यावर बूच काढायचं, झाकण उघडं ठेवायचं, सामान बाहेर काढायचं.

आणि दोन थर ठेवायचे. बाहेरची पेटी बर्फाचा भुगा आणि मार सोसते. आतली गुंडाळून बंद करायची रबरी पिशवी, किंवा निव्वळ घट्ट चेनच्या प्लास्टिकच्या पिशव्या, पाणी अडवतात. कोरडं आणि ओलं यांच्या पिशव्या वेगळ्या, वेगळ्या रंगांच्या. दोन साधे थर एका भारी थरापेक्षा भरवशाचे, कारण दोन्ही एकाच वेळी फसत नाहीत.

ठोकायचं की बांधायचं

पेटी बोल्टने घट्ट आवळून टाकावी असं वाटणं साहजिक आहे. इथेही थंडी आपला हिशेब घालते. साठ सेंटीमीटर लांबीची पॉलिएथिलीनची पेटी पन्नास अंशांनी थंड झाली की साडेचार मिलिमीटरच्या आसपास आखडते. तिच्याखालचं अॅल्युमिनियमचं टनेल त्याच लांबीत एक मिलिमीटरही आखडत नाही. चारही कोपऱ्यांत बोल्ट घट्ट असतील तर हा फरक कुठेतरी निघालाच पाहिजे. तो भोकाच्या कडेला तडा म्हणून निघतो, आणि त्यावर दिवसभराचे हादरे.

बोल्ट हवेच असतील तर एका बाजूची भोकं लांबट करायची, मोठे वायसर घालायचे, त्यांच्याखाली रबर, आणि हादऱ्यांनी सुटणार नाहीत असे नायलॉनची कडी असलेले नट. भोकं बुडाला नकोत. भिंतीला, जमेल तितकी वर. बहुतेकांना मात्र बांधणं परवडतं. ट्रकवाले ताडपत्रीला लावतात त्या काळ्या ईपीडीएम रबराच्या, टोकाला आकडे असलेल्या पट्ट्या, पेटीवरून दोन आडव्या आणि एक उभी. कापडाचं वेष्टण असलेल्या लवचीक दोऱ्या थंडीत ताण सोडतात, त्यांच्यावर विसंबू नये.

बांधलेली वस्तू टिकते, हे उत्तरेत सर्वांत आधी इन्युइट लोकांनी ओळखलं. कामुतिक ही त्यांची घसरगाडी पूर्वी कुत्रे ओढायचे, आता स्नोमोबिल ओढते. लांब दोन धावा, त्यांच्यावर आडव्या पट्ट्या. आणि ही जोडणी खिळ्यांनी नव्हे, दोरीने केलेली. समुद्राचा गोठलेला पृष्ठभाग सपाट नसतो. भरती-ओहोटी त्याला फोडते, वारा त्याच्या लाटा करतो. खिळ्यांनी जखडलेली गाडी अशा बर्फावर सांध्यात उकलते. दोरीने बांधलेली गाडी प्रत्येक उंचवट्यावर थोडी पिळते आणि पुन्हा सरळ होते. आज नुनावुतमध्ये धावांखाली प्लास्टिकच्या पट्ट्या लावलेल्या दिसतात, दोरी नायलॉनची असते, वर प्लायवूडचं मोठं खोकं बसवलेलं असतं आणि त्यात मुलं, शिकार, रॉकेलचा स्टोव्ह सगळं मावतं. सांधे मात्र अजून बांधलेलेच. शिवाय वाटेत काही तुटलं तर दोरी तिथल्या तिथे बदलता येते. बोल्ट तुटला तर तो फक्त दुकानात मिळतो.

बांधण्याआधी दोन गोष्टी पाहायच्या. मागच्या टोकाला जास्त वजन गेलं की पुढच्या स्की हलक्या होतात आणि वळणावर गाडी ऐकत नाही, म्हणून पेटी सीटला जितकी लगटून तितकी बरी. टनेलवर किती भार चालतो तो आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. दुसरं, मागचा लाल दिवा झाकला जाता कामा नये. पेटीच्या मागच्या बाजूला चमकणारी पट्टी लावावी. पेट्रोलचा डबा या पेटीत कधीच ठेवायचा नाही. बंद जागेत साचलेल्या वाफेला एखाद्या बॅटरीची ठिणगी पुरते, आणि खाण्याला वास लागतो तो वेगळाच.

गाडीलाही पेटी लागते

एप्रिल संपता संपता बर्फ जातो आणि सहा-सात महिने गाडी स्वतःच सामान होते. गॅरेज नसलेले लोक तिच्यावर निळी ताडपत्री गच्च आवळून मोकळे होतात, आणि पुन्हा तीच चूक घडते. जमिनीतून ओल वर येते, ताडपत्रीच्या आतल्या बाजूला थेंब धरते आणि गाडीवरच टपकते. साखळी गंजते, सीटला बुरशी येते, उंदीर हवेच्या फिल्टरच्या डब्यात घरटं करतात.

स्वस्तातली शेड करायची तर आधी जमिनीवर पॉलिथिनचा कागद, त्यावर माल वाहायच्या लाकडी पॅलेट, त्यावर गाडी. विजेच्या तारांसाठीचे लोखंडी पाइप वाकवून कमानी करायच्या आणि ताडपत्री गाडीवर न टेकवता कमानींवर ताणायची. खाली दोन्ही बाजूंना हातभर फट मोकळी. छताला भरपूर उतार हवा. तीन बाय दोन मीटरच्या सपाट छतावर एक फूट बसका बर्फ साचला तर त्याचं वजन सव्वाचारशे-साडेचारशे किलो भरतं. बारीक पाइप ते सोसत नाहीत. ऊन ताडपत्रीचं वर्ष-दोन वर्षांत पापुद्रे करतं, तेव्हा ती बदलण्याचा खर्च हिशेबात धरूनच ठेवावा. गाडी ठेवताना टाकीत इंधन टिकवणारं द्रव्य घालून इंजिन काही मिनिटं चालवायचं, मागचा भाग ठोकळ्यांवर उचलून ट्रॅकवरचा ताण काढायचा, हवेच्या आणि सायलेन्सरच्या तोंडात कापड कोंबायचं. त्या कापडाची चिठ्ठी हँडलला बांधायची, नाहीतर डिसेंबरात इंजिन का सुरू होत नाही याचा शोध लागायला सकाळ जाते.

पेटीत न ठेवायच्या गोष्टी

झाकण, गास्केट, भोक, पट्ट्या हे सगळं नीट जमलं तरी ही पेटी गाडीला बांधलेली आहे. गाडी माणसापासून वेगळी होऊ शकते, आणि जेव्हा ती होते तेव्हाच सामानाची खरी गरज असते.

मिनेसोटाच्या नैसर्गिक संसाधन खात्याच्या सल्ल्यानुसार स्नोमोबिलसाठी नव्या, स्वच्छ बर्फाची किमान पाच ते सात इंच जाडी हवी. पांढरा, हवा अडकलेला बर्फ निम्म्याच ताकदीचा, म्हणून त्याची जाडी दुप्पट लागते. पण तळ्याचा बर्फ सगळीकडे सारखा नसतो. झरा असलेल्या जागी, पुलाखाली, ओढ्याच्या तोंडाशी तो पातळ असतो, आणि बर्फाच्या थराखाली हे दिसत नाही. गाडी बुडाली की तिच्यासोबत पेटीही बुडते. डोंगराळ भागात हिमकडा सुटला तर गाडी कुठल्या कुठे गाडली जाते. म्हणून हिमप्रपाताच्या प्रदेशात शिकवणारे प्रशिक्षक शोधयंत्र छातीशी बांधायला लावतात, फावडं आणि शोधकाठी पाठीवरच्या पिशवीत ठेवायला लावतात. तळ्यांच्या प्रदेशातले लोक गळ्यात दोन टोकदार मुठी अडकवतात. पाण्यात पडल्यावर त्या बर्फात रोवून वर सरकता येतं. आग पेटवायचं साहित्य, शिट्टी, फोन आणि सुक्या हातमोज्यांची एक जोडी जॅकेटच्या आतल्या खिशात, पिशवीत गुंडाळून.

तेव्हा पैसे कुठे घालायचे, याचं उत्तर सरळ होतं. पेटीवर दहा-वीस डॉलरपेक्षा जास्त खर्चायचं कारण नाही. २ नंबरची बादली, फिरवायचं झाकण, तीन रबरी पट्ट्या आणि एक ठिगळ एवढ्यात बेल्ट, पाने, दोर आणि जेवण कोरडं राहतं. वाचलेले पैसे जॅकेटच्या खिशांत जे जातं त्यावर घालावेत. पेटीतल्या सामानाने माणूस गाडी दुरुस्त करून घरी येतो. गाडीच हातची गेली, तर तो अंगावरच्या सामानाने येतो.